पाचशे लिंक्स, बाराशे रुपये

मंडळी, आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, याचा मला अजूनही दोन सेकंद विचार करावा लागतो. शाळेत मराठी बोललं की दोन रुपये फाइन होता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत का म्हणून. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मुद्दा मात्र पोटात घालू नका, त्यासाठीच लिहायला बसलेय.

तर झालं असं, की गेल्या वर्षी पी.एल. लागायच्या आठवडाभर आधी आमच्या रूमने मेसच्या रिबेटचे बाराशे रुपये देऊन पाचशे लिंक्स विकत घेतल्या. हो, लिंक्स. भाजी नव्हे, ज्या निळ्या अक्षरांवर क्लिक केलं की दुसरी साइट उघडते त्या. पाचशे!

कशासाठी घेतल्या ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझी रूममेट परभणी जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स कसंबसं इंग्लिशमध्ये रेटलेलं. मुलगी जाम हुशार. पण पहिल्या सेममध्ये मेकॅनिक्सला केटी लागली. मेकॅनिक्स येत नव्हतं म्हणून नाही हो, प्रश्नातलं वाक्य कळायच्या आत वेळ संपला म्हणून. मग रात्री अकरानंतर कॉरिडॉरमध्ये आमचा क्लास सुरू झाला. मी इंग्लिश पुस्तकातलं तिला मराठीत सांगायचे, आणि ती ते माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत लिहून काढायची. लामीचं प्रमेय, फ्री बॉडी डायग्राम, घर्षण. त्या वह्यांच्या झेरॉक्स आधी विंगमध्ये फिरल्या, मग मुलांच्या हॉस्टेलपर्यंत गेल्या (कशा गेल्या हा वेगळ्या लेखाचा विषय आहे). दुसऱ्या वर्षाला आल्यावर ती म्हणाली, "अगं, हे नेटवर टाकू ना. माझ्यासारख्या किती असतील."

असतीलच. २०२१-२२ पासून एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठी आहे. पण वर्गातली भाषा काहीही असो, रात्री रूमवर बसून शोधताना हाताला काय लागतं तेच खरं.

आम्ही साइट काढली. डोमेन घेतलं, चाळीसेक पानं चढवली, आकृत्या मी काढल्या. आणि वाट बघत बसलो. पहिल्या महिन्यात आलेले सगळे वाचक आम्हाला चेहऱ्याने ओळखत होते, कारण ते आमच्याच विंगमध्ये राहत होते. गूगलवर आमच्याच पानाचा विषय टाकला तरी आमचं पान कुठे नाही. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही. कॉम्पच्या एका सीनियरने आमचे रडवेले चेहरे बघून निदान केलं, "तुमच्या साइटला बॅकलिंक्सच नाहीत."

आता मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी आणि स्टाफपैकी ज्यांना हा प्रकार नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. दुसऱ्या कुणाच्या तरी साइटवरून आपल्या पानाकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. हॉस्टेलला नवीन आलेली मुलगी विचारते, टेलर कुठला चांगला? एकीने एक नाव सांगितलं, ठीक आहे. दहा जणींनी तेच सांगितलं, मग त्यात काहीतरी असणार. आणि जिच्या ड्रेसच्या फिटिंगचं सगळं हॉस्टेल कौतुक करतं तिने एकटीने सांगितलं, तर तिचं वजन त्या दहा जणींइतकं. गूगलच्या मूळ कल्पनेत याहून फार वेगळं काही नाही.

ही कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी स्टॅनफर्डला विद्यार्थी असताना मांडली. त्यांच्या सुरुवातीच्या सर्च इंजिनचं नाव होतं बॅकरब, म्हणजे बॅकलिंक्सच त्याच्या नावात! १९९८ च्या पेपरात त्यांनी स्पष्ट लिहिलंय, की संशोधनाच्या जगात एखाद्या पेपरचा उल्लेख दुसरे किती जण करतात यावरून त्याचं महत्त्व मोजतात, तेच आम्ही वेबला लावतोय. उल्लेख मोजायची ती पद्धत युजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्सपासून, म्हणजे १९६४ पासून, रुळलेली होती. पेज-ब्रिननी भर घातली ती वजनाची. प्रत्येक पानाचं वजन त्याने दिलेल्या लिंक्समध्ये वाटलं जातं. चौघांना लिंक दिली तर प्रत्येकाला पाव हिस्सा. पण गोची अशी, की माझं वजन तुझ्यावर अवलंबून, तुझं तिच्यावर, आणि तिचं फिरून माझ्यावर. मग मोजायचं कुठून? सगळ्यांना सारखं वजन देऊन सुरुवात करायची आणि आकडे स्थिर होईपर्यंत पुन:पुन्हा वाटप करत राहायचं. ज्यांनी एम-वनला आयगेन व्हॅल्यूज "हे कुठे लागणार आहे" म्हणून ऑप्शनला टाकल्या, त्यांना सप्रेम नमस्कार. जगातली एवढी मोठी कंपनी त्यावर उभी राहिली. पेपरात ०.८५ हा आकडा येतो. तो अशा कंटाळलेल्या माणसाचा, जो लिंकमागून लिंक क्लिक करत जातो आणि दर वेळी पंधरा टक्के शक्यता अशी, की वैतागून भलत्याच पानावर उडी मारेल. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळेच तो माणूस असतो.

आज गूगल फक्त यावर चालत नाही, इतर शेकडो गोष्टी बघतं. पण लिंक्सचं हे गणित अजूनही त्यात आहे. आणि शिफारशीला वजन आलं, की शिफारशीला भावही येतोच.

तो भाव सीनियरच्या ओळखीतून आम्हाला कळला: पाचशे लिंक्स, बाराशे रुपये, दहा दिवसांत डिलिव्हरी. दहाव्या दिवशी खरंच एक एक्सेल शीट आली, अगदी जर्नल पूर्ण झाल्यासारखी व्यवस्थित. आम्ही एकेक लिंक उघडायला लागलो. एक ब्राझीलमधलं फर्निचरचं दुकान. एका दंतवैद्याची बंद पडलेली साइट. जुगाराच्या कितीतरी. एका पानावर कुत्र्यांच्या औषधांच्या मधोमध आमचं घर्षण! आणि पाचशेच्या पाचशे ठिकाणी शब्द तेच, "बेस्ट इंजिनिअरिंग नोट्स मराठी". एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

तुम्ही जीटी मारलीय ना? काचेखाली ट्यूब लावून एकाची शीट चाळीस जणांनी उतरवायची. मग एकाची चुकलेली हिडन लाइन चाळीस शीट्सवर, त्याच ठिकाणी, त्याच लांबीची. सरांना ते कळायला डिटेक्टिव्ह लागत नाही. गूगललाही लागत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पेंग्विन नावाची सुधारणा आणली, त्यात असल्या लिंक्सवर उभ्या असलेल्या भरपूर साइट्स धाडकन खाली आल्या. आता बहुतेक वेळा शिक्षासुद्धा होत नाही. त्यांची यंत्रणा अशा लिंक्स ओळखते आणि सरळ शून्य धरते. आमचंही तेच झालं. रँक वाढला नाही, घसरला नाही (घसरायला आधी वर असावं लागतं). बाराशे रुपये पाण्यात. वर भीती वाटली म्हणून दोन रात्री जागून आम्ही "या लिंक्स आमच्या धरू नका" अशी गूगलला द्यायची यादी केली. मग वाचनात आलं, की गूगल स्वतःच म्हणतं, बहुतेक साइट्सना अशी यादी द्यायची गरज पडत नाही. पी.एल.च्या त्या दोन रात्री कोण परत देणार?

असो. बाराशे रुपयांचं दुःख मी विसरले असते. मोठमोठे यात पडलेत. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या कपड्यांच्या बड्या दुकानाचं प्रकरण फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं. ड्रेस शोधा, चादरी शोधा, गालिचे शोधा, गूगलवर हेच दुकान पहिलं. कारण काय, तर कशाचा कशाशी संबंध नसलेल्या साइट्सवर पेरलेल्या लिंक्स. गूगलने कारवाई केली तेव्हा एका प्रकारच्या बॅगेच्या शोधात ते दुकान दोन तासांत पहिल्या नंबरवरून एकाहत्तराव्यावर गेलं. (एकाहत्तर म्हणजे सेव्हंटी-वन, विचारून घेतलंय.) कंपनी म्हणाली आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि हे काम बघणाऱ्या फर्मला काढून टाकलं. आणखी गंमत म्हणजे जानेवारी २०१२ मध्ये खुद्द गूगलच्या क्रोमच्या जाहिरातीत पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरातून लिंक गेली, तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला किमान साठ दिवस खाली ढकललं.

मला जे टोचतंय ते वेगळंच आहे. लिंक्स विकत घ्यायच्या आधी मी त्या विकतही होते.

म्हणजे झालं असं, की सेकंड इयरला पॉकेटमनीसाठी मी लेख लिहून द्यायचं काम घेतलं होतं. आमच्या हॉस्टेलात हे काम बऱ्याच जणी करतात, नावं घेत नाही. इंग्लिश बरं असलं की काम मिळतं, आणि कॉन्व्हेंटचा तेवढा एक उपयोग. एका लेखाचे दीडशे रुपये. विषय कळवायचे, सोबत एक लिंक यायची, आणि ती दुसऱ्या परिच्छेदात "सहज आल्यासारखी" बसवायची. लेख कुठे छापून येणार ते आम्हाला ठाऊक नसायचं. दोन महिन्यांत बावीस लेख लिहिले. मूतखड्यावर घरगुती उपाय लिहिले, मी, जिला कढीपत्ता आणि कडुनिंब यात गोंधळ होतो. एक विषय आला, विद्यार्थ्यांसाठी झटपट कर्ज. लिहिलं. "माझ्या मैत्रिणीला अडचणीच्या वेळी खूप उपयोग झाला" असंही लिहिलं. तशी कुणी मैत्रीण नव्हती. ती लिंक मी स्वतः एकदाही उघडून पाहिली नव्हती.

चार महिन्यांनी आमच्याच विंगमधल्या एका ज्युनिअरने लॅपटॉप दुरुस्तीसाठी मोबाइलवरच्या एका कर्जाच्या ॲपवरून आठ हजार घेतले. हातात पाच आले, बाकीचे कसल्या कसल्या फीमध्ये कापले. आणि आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले. तिला नव्हे, तिच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरला. तिच्या मामाला, शाळेतल्या बाईंना, गावातल्या किराणावाल्याला. तिचा फोटो खराब शब्दांसकट पाठवला. पोरगी तीन दिवस जेवायला खाली आली नाही. मेसच्या मावशींनी ताट वर नेलं तेव्हा कुठे हे बाहेर आलं. रेक्टर मॅडमनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली आणि तिला सोबत घेऊन पोलीस स्टेशनला गेल्या. (रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच नियम केलाय, की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सना हात लावायचा नाही. जे ॲप लावतं त्याच्या वाटेला जाऊ नका, आणि अडकलात तर लपवू नका. हे एवढं वाक्य नोटीस बोर्डावर लावलं तरी चालेल.)

माझ्या लिंकवरून ती तिथे गेली का? नाही. तिने सांगितलेलं ॲपचं नाव वेगळं होतं, मी जुन्या मेलमध्ये जाऊन तपासलं. ते वेगळं आहे हे दिसल्यावर मला हुश्श झालं, आणि हुश्श झाल्याची लाज वाटली. कारण तिने विचारलं होतं गूगललाच. "कर्ज पाहिजे, कुठून घेऊ?" तिच्यासमोर जी यादी आली ती माझ्यासारख्या किती जणींच्या दीडशे-दीडशे रुपयांनी वर चढलेली असेल कुणास ठाऊक. आम्ही सगळ्या म्हणायचो, "अगं, फक्त एक लिंक तर आहे." टेलरचं उदाहरण आठवा. न पाहिलेल्या टेलरची शिफारस मी बावीस वेळा केली, शंभर टक्के खात्रीने, नाव लपवून.

ते काम सोडलं. यात मोठेपणा काही नाही, पपा पैसे पाठवतात म्हणून सोडता आलं.

हा "पपा" मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण रूममेटचं माझ्याशी इथेच वाजलं. मी तिला म्हटलं, विकतच्या लिंक्स म्हणजे चीटिंग. ती शांतपणे म्हणाली, "तुझी समर इंटर्नशिप कशी लागली?" पपांच्या मित्राच्या कंपनीत. "मग ती पण लिंकच ना? तुला फुकट मिळाली एवढंच. मला कोण देणार?" यावर मला काही बोलता आलं नाही. आणि गणितही तिच्याच बाजूने आहे. ज्या पानाकडे आधीच लिंक्स आहेत त्यालाच लोक आणखी देतात, कारण तेच त्यांना सापडतं. बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये यावर मॉडेलच मांडलं. नवीन साइट कितीही चांगली असली तरी परभणीहून आलेल्या मुलीसारखी दारात उभी राहते, आणि आत बसलेले एकमेकांची नावं घेत असतात. म्हणून "चांगलं लिहा, लिंक्स आपोआप येतील" असं जे लोक सांगतात, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. आपोआप काही येत नाही. आपोआप फक्त केटी येते.

मग काय करायचं? विकत घ्यायची नाही आणि वाट बघत बसायचं नाही, तर एकच उरतं. जाऊन मागायचं. आणि मागायची मला भयंकर लाज वाटायची, रूममेटला अजिबात नाही. तिच्या भावाला पॉलिटेक्निकमध्ये शिकवलेले एक सर आहेत. तिने त्यांना साइटचा पत्ता पाठवून लिहिलं, "सर, वेळ मिळेल तेव्हा बघा आणि योग्य वाटलं तरच मुलांना सांगा." आठवडाभर उत्तर नाही. मग एकदम तीन पानी मेल! लामीच्या प्रमेयाखाली आम्ही लिहिलं होतं, तीन बलं समतोलात असतील तर प्रत्येक बल हे इतर दोघांमधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं. सरांनी विचारलं होतं, "तिन्ही बलं एकाच प्रतलात आणि एकाच बिंदूतून जाणारी हवीत, हे कुठे लिहिलंय? मुलं तीन समांतर बलांना लामी लावून येतात, आणि मग मार्क मलाच कापावे लागतात." अशा अकरा चुका. त्यातल्या सात माझ्या इंग्लिशवरून मराठी करण्याच्या नादात झालेल्या. वेग आणि प्रवेग मी दोन ठिकाणी बदलून ठेवले होते, बोला!

आम्ही सगळ्या दुरुस्त केल्या. मग सरांनी त्यांच्या विभागाच्या पानावर आमची लिंक टाकली, पुढे एक ओळ लिहून, की पहिल्या वर्षाच्या मुलांनी घर्षणाचा भाग इथे वाचावा. बस, एक लिंक. त्यांच्या एका सहकारी बाईंनी बेसिक इलेक्ट्रिकलची पानं वाचून दुसरी दिली. वर्षभरात अशा नऊ झाल्या. पाचशेपुढे नऊ! पण त्या नऊ जणांनी पान वाचलं होतं, आणि फरक सगळा तिथेच आहे. मे महिन्यात कुणीतरी घर्षण शोधताना आमच्यापर्यंत पोचलं, जे आमच्या विंगचं नव्हतं, कॉलेजचं नव्हतं. त्या दिवशी रूममेटने मेसमध्ये सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. (लोक मराठी प्रश्नसुद्धा रोमन अक्षरांत टाइप करतात, हे सर्चच्या आकड्यांवरून तेव्हाच कळलं. मग आम्ही पानांची शीर्षकं तशी दोन्ही लिप्यांत केली. त्याचाही उपयोग झाला असणार, सगळं श्रेय लिंक्सना देत नाही.)

आता थोडं आपल्या सगळ्यांबद्दल, राग मानू नका. मराठी माणूस लिंक देतच नाही. आपण फॉरवर्ड करतो. कुणीतरी चांगलं लिहिलेलं असतं, आपण ते आख्खं कॉपी करतो, खालचं नाव उडवतो, आणि ग्रुपवर टाकतो, वर "छान आहे, नक्की वाचा". आमचंच घर्षणाचं पान मला माझ्याच आत्याकडून आलं, नाव नाही, पत्ता नाही, खाली गुलाबाचं फूल. आत्याने कौतुकच केलं होतं. पण सर्च इंजिनच्या लेखी तो फॉरवर्ड म्हणजे शून्य. ते बंद ग्रुपमध्ये डोकावत नाही. उघड्या पानावर कुणी पत्ता लिहिला तरच ते मोजतं. शंभर जणांनी मराठी लेख आवडून पुढे ढकलला तरी शोधणाऱ्याला तो सापडत नाही, आणि मग आपणच म्हणतो नेटवर मराठीत काही नाही. हल्ली तर सर्चच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर येतं. तेही नेटवर जे सापडतं त्यावरूनच बनतं. आपली पानं सापडलीच नाहीत तर मराठी मुलीला तिच्या भाषेत उत्तर मिळेल, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी पानाचं भाषांतर असेल, त्यात वेग आणि प्रवेगाची अदलाबदल करून.

आणि कॉलेजच्या साइट्स! त्यांच्या लिंकला मान असतो, कारण तिथे शिक्षक असतात, संस्थेचं नाव असतं. हे लिंक विकणाऱ्यांना आपल्याआधी कळलंय. २०११ मध्येच ओव्हरस्टॉक या अमेरिकन दुकानाने कॉलेजांना सांगितलं होतं, आमच्या वस्तूंची लिंक तुमच्या साइटवर टाका, विद्यार्थी आणि स्टाफला दहा टक्के सूट देतो. गूगलने त्यांनाही खाली ढकललं. ते निदान विचारून तरी घेत होते. आता कुणी विचारतही नाही. मी गंमत म्हणून आपल्या राज्यातल्या काही कॉलेजांच्या पानांचा सोर्स उघडून बघितला. एका ठिकाणी (नाव सांगणार नाही, आपलं नाही, घाबरू नका) ॲडमिशनच्या नोटीसखाली न दिसणाऱ्या अक्षरांत जुगाराच्या साइट्सची रांग होती. कुणीतरी बाहेरून घुसून लपवून ठेवलेली. डोळ्यांना दिसत नाही, सर्च इंजिनला दिसते. त्या कॉलेजला मेल केलाय. लेख लिहीपर्यंत उत्तर नाही.

तर मॅगझीन वाचणाऱ्या स्टाफला आणि फेस्टच्या कमिटीला एक विनंती. फेस्टच्या साइटवर क्लासवाल्यांकडून पैसे घेऊन लिंक टाकायची असेल तर खुशाल टाका, बॅनर लावायलाही पैसे लागतात. फक्त त्या लिंकला "स्पॉन्सर्ड" हा टॅग लावा, २०१९ पासून त्याची सोय आहे. पैसे घेतलेत हे कळलं की झालं, त्यात चोरी नाही. आणि विभागांच्या पानांवर मुलांनी केलेल्या कामाच्या लिंक्स टाका. फायनल इयरच्या बी.ई. प्रोजेक्टपैकी कितीतरी नेटवर आहेत आणि आपल्याच कॉलेजच्या पानावरून तिथे जायला वाट नाही. मेसच्या मावशींच्या मुलीने दिवाळीच्या फराळाची साइट काढलीय, चकल्या आपण सगळे खातो. हॉस्टेलच्या पानावर तिची एक ओळ का नको? चकली खाल्लेल्यानेच लिहावी, एवढीच अट.

आमचं म्हणाल तर परवा एक मेल आला. जळगावकडच्या एका मुलाने शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटवर मराठीत पानं केलीत. तो म्हणतो, ताई, तुमच्या साइटवरून लिंक द्याल का. मी लगेच देणार होते, इतका आनंद झाला मला. रूममेटने माझ्या हातातून माऊस काढून घेतला. काल रात्री दीड वाजेपर्यंत ती वाचत होती. तिसऱ्या आकृतीत डाव्या आधाराची रिअ‍ॅक्शन खाली दाखवलीय. त्याला कळवलंय.